सोमवारच्या मीटिंगआधीचे चार दिवस

तुरीच्या हंगामात एखाद्या गिरणीवरून जाताना भरडलेल्या डाळीचा तो कोरडा, गोडसर वास आला की मला गुलबर्ग्याची आमची भाड्याची खोली आठवते. आणि खोली आठवली की हटकून ते चार दिवस आठवतात. खरं तर ते भीतीचे दिवस होते. तरी आज बीदरच्या या शांत ऑफिसात बसून मला त्या दिवसांची ओढ का वाटते, हे मलाच नीट सांगता येत नाही. म्हणून जसं झालं तसं सांगते.

मी कोहिनूरची. बसवकल्याण तालुक्यातलं, दोन राज्यांच्या सीमेवरचं, शेतीवर जगणारं गाव. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, अप्पांनी नांगर धरला आणि मला बी.एस्सी. केलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात हिंदी, यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. तिन्ही भाषा येतात म्हणूनच घेतोय, असं मुलाखतीत मला सांगितलं होतं. नोकरी एका मोठ्या डाळ कंपनीच्या लॅबमध्ये होती. लॉरी आली की पोत्यात पोकळ सळई खुपसून तुरीचा नमुना काढायचा, ट्रेमध्ये पसरायचा, किडका दाणा, डागी दाणा, खडा, काडी वेगळी करायची, यंत्रात ओलावा मोजायचा आणि कागदावर सही करायची. हे काम मला मनापासून आवडायचं. लहानपणी सुपात डाळ निवडताना आई ओरडायची, "किती वेळ लावायलीस?" इथं वेळ लावायचाच पगार मिळत होता.

लॅबमध्ये आम्ही तिघं. साहेब, मी आणि माझ्याच खोलीत राहणारी एक मुलगी. ती गुलबर्ग्याजवळच्या कडगंचीची, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, घरात कन्नड बोलणारी, पण माझ्याशी मराठीतच बोलायची. मी तिला अक्का म्हणायचे. लॅबला लागून पत्र्याची शेड होती. तिथं दहा-बारा बायका यंत्रातून आलेली डाळ हातानं निवडायला बसत. त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला सगळेच खाला, म्हणजे मावशी, म्हणत. खालाची नजर इतकी तेज, की आमच्या चाळणीतून सुटलेला खडा तिच्या बोटाला सापडायचा.

पहिली दोन वर्षं साहेबांचं आणि माझं ठीक चाललं. मग एका डिसेंबरात त्यांनी एका लॉरीचा ओलावा मी मोजायच्या आधीच कागदावर लिहून ठेवला आणि सही कर म्हणाले. मी मोजला तर जास्त आला, म्हणजे ओल्या मालाला सुक्याचा भाव गेला असता. मी म्हटलं, "सर, हा आकडा बरोबर नाही." ते हसले. म्हणाले, "बरोबर काय ते मी ठरवतो." मी सही केली नाही. त्यांनी स्वतः केली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझं नाव गेलं. मी 'बॉर्डर' झाले.

"ए बॉर्डर, नमुना आण." "बॉर्डरला विचारा, तिला सगळं कळतं." माझं कन्नड मराठी वळणाचं आहे, हे मला माहीत होतं. ते माझं वाक्य तसंच्या तसं, बायकी आवाज काढून, लॉरीवाल्यांपुढे म्हणून दाखवायचे. "यांना धड कन्नड नाही, धड मराठी नाही," म्हणायचे. लोक हसायचे. कधीकधी मीही हसले, ते मला पुढं फार लागलं. मग एका सकाळी माझी खुर्ची जागेवर नव्हती. दुरुस्तीला गेली, म्हणाले. आठवडा गेला, दोन गेले. मी उभ्यानं नमुने निवडत होते. संध्याकाळी खोलीवर अक्का न विचारता गरम पाण्याची बादली माझ्या पायापाशी सरकवायची. ऑफिसात मात्र तीही गप्प असायची.

खुर्ची जाऊन सहा आठवडे झाले असतील. लॉऱ्यांची रांग लागली होती. माझा नमुना उशिरा झाला म्हणून साहेबांनी ट्रे हातानं उडवला. तूर फरशीभर झाली. हमाल दारात उभे होते. साहेब म्हणाले, "एकेक दाणा उचल. निवडायची आवड आहे ना?" मी खाली बसले. तेवढ्यात शेडमधून खाला उठून आली, गुडघ्यावर हात टेकत माझ्या शेजारी बसली आणि दाणे गोळा करायला लागली.

साहेब म्हणाले, "तुला कुणी बोलावलं?"

खालानं वर पाहिलंही नाही. "अनाज है साब. पाँव में नक्को आना," एवढंच म्हणाली. धान्य आहे, पायाखाली येऊ नये.

त्या दुपारी डबा न खाता मी हैदराबादच्या मुख्य ऑफिसला मेल लिहिली. मोडक्या इंग्रजीत, दहा ओळी. पाठवून टाकली आणि पुढच्या लॉरीचा नमुना काढायला गेले.

उत्तर गुरुवारी आलं. सोमवारी अकरा वाजता एचआरच्या मॅडम गुलबर्ग्याला येतील, तुमचं म्हणणं ऐकतील, घटना, तारखा आणि साक्षीदार यांची माहिती तयार ठेवा. साहेबांनाही तशीच मेल गेली होती. त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं ट्रे उडवण्यापेक्षा जड गेलं.

संध्याकाळी अक्का भाकरी थापत होती. मी तिला मेल वाचून दाखवली आणि साक्षीदार या शब्दावर थांबले. तिला कळलं.

"मला इचारू नको," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी तशीच फुगून करपली. "माझा भाऊ कंपनीच्या गाडीवर हाय. साहेबानंच लावला. तुला ठावं हाय न्हवं?"

"मी कुठं काय म्हणाले?"

"मग असं बघायलीस कामून?"

त्यानंतर आम्ही बोललो नाही. एका खोलीत दोन बायका, मधे एक स्टोव्ह, आणि बोलणं नाही. तिच्या पाठीकडे बघत मी मनात तिला नको नको ते म्हणत होते. भित्री, आपमतलबी, काय काय. आज लिहिताना लाज वाटते. माझी नोकरी गेली असती तर मी शेतावर गेले असते, घरी दोन वेळचं खाणं होतं. तिच्या भावाच्या स्टिअरिंगवर सहा माणसं जगत होती. हे गणित मला तेव्हाही येत होतं, पण करायचं नव्हतं.

शुक्रवारी मी तारखा शोधायला बसले. मी कुठं काही लिहून ठेवलं नव्हतं. शेवटी फोनमधले फोटो उघडले. मी रोज आईला डब्याचा फोटो पाठवायचे, पोरगी नीट जेवते हे तिला दिसावं म्हणून. फोटोवर तारीख होती. पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या भाजीचा डबा, त्या दिवशी साहेबांनी माझी नक्कल केली. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा, त्या दिवशी खुर्ची गेली हे कळलं, कारण फोटोत डबा यंत्राच्या टेबलावर आहे आणि मी वरून, उभ्यानं फोटो काढलाय. एका फोटोच्या कोपऱ्यात माझ्या खुर्चीची मोकळी जागाही आली होती. एकेक डबा बघत मी वहीत लिहीत गेले. आई प्रत्येक फोटोला अंगठा दाखवायची. तिला काहीच माहीत नव्हतं.

शनिवारी रजा टाकून दोन बस बदलत मी गावी गेले. घरी कुणाला सांगायचं नाही असं ठरवून गेले आणि सरळ आत्याच्या दारात जाऊन उभी राहिले. आत्या आमच्याच गल्लीत राहायची. गावच्या शाळेत ती बिसीऊट, म्हणजे पोरांचं दुपारचं जेवण रांधायची. अंगणात तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, पेंढ्या बांधत बसली होती. मला बघून म्हणाली, "सणवार न्हाई, सुट्टी न्हाई. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता ट्रेपाशी आले आणि रडायला लागले. आत्यानं मला रडू दिलं. पाणीसुद्धा दिलं नाही. मग म्हणाली, "आता परत सांग. पहिल्यापासून."

"आत्या, सांगितलं की."

"मला न्हाई कळलं. रडण्यात निम्मं गेलं. परत सांग."

दुसऱ्यांदाही मी ट्रेपाशी अडकले. तिसऱ्यांदाही. आत्या पेंढ्या बांधत होती आणि दरवेळी "परत" म्हणत होती. मला राग आला. मी म्हटलं, "तू काय माझी थट्टा करायलीस?"

तेव्हा तिनं हातातली दोरी ठेवली आणि मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. एक साल भातात अळी निघाली म्हणून शाळेच्या कमिटीनं तिला बोलावलं होतं. तांदूळच तसा आला होता, तिनं तो परत करा म्हणून दोनदा सांगितलंही होतं. "माझं सगळं खरं होतं बघ. पण मधे उभी राहिले अन् रडूच आलं. एक शब्द निघंना. ते म्हणाले, बाई रडायली म्हणजे चुकली असंल. वर्षभर घरी बसवलं मला." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "म्हणून सांगायले. रडायचं तेवढं हितं रड. सोमवारच्याला काही ठिवू नको."

मग ती उपड्या घमेल्यावर पदर सावरून ताठ बसली. "मी हैदराबादची मॅडम. सांगा बाई, काय झालं?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

"खुर्ची कधी गेली?"

मी तारीख सांगितली.

"कुणी नेली?"

"साहेबानं."

"तू बघितलीस?"

"न्हाई. सकाळी आले तर नव्हती."

"मग बघितलं न्हाई असं म्हण. जे डोळ्यानं बघितलं ते येगळं, जे वाटलं ते येगळं. दोन्ही एका टोपल्यात टाकू नको. अन् आता सांग, सहा आठवडे उभी राहिलीस, तवाच कामून बोलली न्हाईस?"

या प्रश्नावर मी एक तुराटी उचलून मोडत बसले. आत्यानं उत्तर सुचवून दिलं नाही. पेंढ्या संपल्या, ऊन उतरलं, शेजारणी डोकावून गेल्या, त्यांना आम्ही काहीतरी खेळ चालवलाय असं वाटलं. आत्या मधेच सोलाण्याची, म्हणजे ओल्या हरभऱ्याची आमटी करायला आत गेली आणि चुलीपासून ओरडली, "तवाच कामून बोलली न्हाईस?" मी बाहेरून ओरडून उत्तर दिलं. ते असं होतं: मला वाटलं, आज नाही तर उद्या त्यांचा राग जाईल. आणि मला काम आवडत होतं. मग आत्या दारात येऊन म्हणाली, "ह्ये खरं हाय. ह्येच सांग."

ती आमटी आणि ती थंडी, आणि ती तुराट्यांची रास. मला जर कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यातली एक संध्याकाळ परत देतो, तर मी ही मागेन. मी त्या दिवशी किती वेळा रडले याची गणती नाही. सात-आठ वेळा सांगून झाल्यावर ट्रेची गोष्ट दुसऱ्या कुणाची असल्यासारखी तोंडातून सरळ निघाली.

अप्पांना अर्थातच कळलं. गावात काय लपतं? रविवारी मला मोटरसायकलवरून फाट्यावर सोडताना ते म्हणाले, "नोकरी सोडून आलीस तरी चालतंय. आपल्याला काय कमी हाय?"

"मी न्हाई सोडत, अप्पा."

बस दिसल्यावर म्हणाले, "बरं हाय," आणि माझी पिशवी स्वतः आत ठेवली.

खोलीवर पोचले तर अक्कानं झुणका केला होता, माझंही ताट वाढून झाकलं होतं. आम्ही समोरासमोर बसलो. अर्धं जेवण झाल्यावर ती ताटाकडे बघत म्हणाली, "खुर्चीचं सांगते मी. तेवढंच. बाकीचं मला इचारू देऊ नको."

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, एवढंच? फक्त खुर्ची? मी नुसतं "बरं" म्हटलं. आपल्या भावाशी बोलून, एक रात्र न झोपता ती त्या 'एवढ्याच'पर्यंत आली होती, हे मला फार पुढं कळलं.

सोमवारी अकराला मला वरच्या मजल्यावर बोलावलं. मॅडम माझ्या अंदाजापेक्षा लहान होत्या, प्रवासानं दमलेल्या. शेजारी अकाउंट्समधले एक म्हातारे गृहस्थ लिहून घ्यायला बसले होते. मी वहीतून इंग्रजी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला जीभ अडखळली. मॅडम म्हणाल्या, "हिंदीत सांगा, चालेल. वही बंद करा." मी आमच्या हिंदीत सांगितलं, ज्या हिंदीत हौ आणि नक्को येतं. सगळं सांगितलं, तारखेसकट. डब्याचे फोटो दाखवले तेव्हा मॅडमनी एक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

मी आत्याला दिलं तेच उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

खालाचं नाव मी साक्षीदार म्हणून दिलं होतं. ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ती ठेकेदारानं कामाला लावलेली बाई. कंपनीच्या यादीत नाही." मी म्हटलं, "पण फरशी कंपनीची होती ना?" हे मी तयार करून गेले नव्हते, तोंडातून गेलं. मॅडम उठून स्वतः खाली शेडमध्ये गेल्या. खालानं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. शेडमधल्या बायकांनी नंतर सांगितलं, की हात न थांबवता ती बोलली, आणि शेवटी मॅडमलाच म्हणाली, "तुम बी देखो, खड़े-खड़े निवडके देखो."

साहेबांनी सांगितलं, खुर्ची दुरुस्तीला गेली होती, बाकी सगळं थट्टामस्करीचं होतं. मग अक्काला बोलावलं. ती पाच मिनिटांत बाहेर आली. जिन्यात ती मला म्हणाली, "खुर्ची दुरुस्तीला न्हवती, त्यांच्या केबिनमधी होती, खिडकीपाशी. त्यावर ते बॅग ठेवायचे. रोज बघायची मी. तेवढं सांगितलं." आणि पायरीवर बसून ओंजळीत तोंड घालून रडली. मी तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसून होतो, आणि लॉरीवाले आम्हाला ओलांडून वर-खाली करत होते.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. साहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बदली दुसऱ्या गावच्या गोदामावर झाली. जाण्याआधी सगळ्यांसमोर त्यांनी दोन वाक्यांत माफी मागितली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. मला वाटलं होतं की त्या क्षणी छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. त्यांच्या शर्टाची कॉलर विरलेली मला पहिल्यांदाच दिसली, आणि लवकर संपावं एवढंच वाटलं. ओलाव्याच्या आकड्याचं काय झालं ते मला कुणी कधी सांगितलं नाही. तो विषय दुसऱ्या खात्याचा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. अक्काच्या भावाची नोकरी राहिली. त्याला लांबच्या खेपा लागल्या एवढंच, आणि त्या मुद्दाम लावल्या की सहज, हे आम्हाला कळलं नाही.

त्यानंतर मी तिथं आणखी सव्वा वर्ष होते, आणि ते माझं सगळ्यांत चांगलं वर्ष. नवे साहेब पोटदुखीनं कायम हैराण, आमच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. दुपारी डबे उघडले की खाला आपली लसणाची चटणी घेऊन लॅबच्या उंबऱ्यावर यायची. आत ये म्हटलं तरी आत यायची नाही, आणि आम्ही दोघी उठून उंबऱ्याशी जाऊन बसायचो. ती आम्हाला दाण्यांतली पारख शिकवायची. कोणती तूर काळ्या रानातली, कोणती पावसात सापडलेली, हे ती वासावरून सांगायची, आणि यंत्र नंतर तेच सांगायचं. रविवारी अक्का आणि मी तळ्यापर्यंत चालत जायचो, येताना मिरची-भजी घ्यायचो. गुरुवारच्या त्या रात्रीबद्दल आम्ही एकदाच बोललो. मी म्हटलं, "मी तुला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या होत्या." ती म्हणाली, "मी बी तुला दिल्या. कन्नडमधून."

मग अक्काचं लग्न विजापूरकडे ठरलं आणि एकटीला खोली खायला उठली. मला बीदरला नोकरी मिळाली. मी निघाले त्याच महिन्यात कंपनीत रंग ओळखून दाणा निवडणारं मोठं यंत्र आलं. शेडमधल्या बायका एकेक करून कमी झाल्या. खाला कुठं गेली हे विचारायला मी एकदा मुद्दाम तिच्या मोहल्ल्यात गेले, तर लेकीकडे गेली म्हणाले, गावाचं नाव कुणाला नीट सांगता येईना. मी थोडा वेळ तिथल्या ओट्यावर बसले. एका पोरीनं मला पाणी आणून दिलं. मग ऊन वाढलं आणि मी बस स्टँडकडे चालू लागले.